वहिनी वाचल्या, थोरली नापास

थोरली प्रगत प्रसूती प्रशिक्षणाच्या परीक्षेत नापास झाली.

हे वाक्य आपण वाचलेलंच नाही असं समजून पुढे जायचं आहे. मेट्रनबाईंचा तसा तोंडी हुकूम आहे. परीक्षा झाली नाही, कुणी नापास झालं नाही, आणि त्या दिवशी थोरलीला जिन्याच्या पायरीवर बसून पाणी पिताना कुणी पाहिलं असेल, तर तिला तहान लागली होती.

तर काहीही घडलेलं नसताना, थोरली पहिल्या दिवशी प्रशिक्षणाच्या खोलीत शिरली आणि तिनं सगळ्यात आधी टेबलाखाली वाकून पाहिलं.

टेबलाखाली शिपाई होता.

"वाटलंच मला," थोरली म्हणाली.

"वाटायचं काय त्यात? ड्यूटी आहे माझी." शिपायाच्या हातात एक रबरी फुगा होता. फुग्यातून निघालेली नळी टेबलावर झोपवलेल्या भल्यामोठ्या बाहुलीच्या पोटात गेली होती. "हा दाबला की हिला रक्त जातं. सोडला की थांबतं. म्हणजे आज तुम्हा सगळ्यांचं माझ्या हातात आहे. जरा चहाबिहा विचारत जा."

थोरली म्हणजे रुग्णालयाच्या प्रसूती विभागातली सगळ्यात जुनी सुईण. तिच्या हाताखालची ती धाकटी. दोघी एकमेकींच्या कुणी लागत नव्हत्या. एक आधी आली, दुसरी नंतर आली, एवढ्यावरून पडलेली नावं. खरी नावं फक्त पगाराच्या कारकुनाला ठाऊक होती, आणि वाचताना तोही अडखळायचा.

थोरलीचा संशयावर फार विश्वास होता. फुकट मिळालेला चहा ती आधी हुंगायची. कुणी "कशा आहात?" विचारलं, तर "का?" असं उत्तर द्यायची. त्यामुळे प्रगत प्रशिक्षणाचा आदेश आला, तेव्हा तिनं त्यातला प्रशिक्षणाचा भाग सोडून दिला आणि "प्रगत" या शब्दाकडे बराच वेळ पाहिलं. इतकी वर्षं आपण करत होतो ते मग काय होतं?

"अहो ताई, सगळ्या सुईणींना बोलावलंय," धाकटी म्हणाली होती. "आईला आणि बाळाला जास्त चांगलं सांभाळता यावं म्हणून."

"तुला कुणी सांगितलं?"

"आदेशातच लिहिलंय."

"मग खरं कारण दुसरं असणार."

खरं कारण तिला दुपारच्या डब्याच्या वेळी कळलं. आयांच्या बोलण्यात आलं, की परीक्षेत नापास होणारीची रवानगी कपड्यांच्या खोलीत होणार. तिथे धुऊन आलेल्या चादरींच्या घड्या घालायच्या. थोरलीनं ती खोली पाहिलेली होती. तिला एक खिडकी होती आणि खिडकीसमोर भिंत होती. त्या खोलीत कधी कुणी जन्माला आलेलं नव्हतं, येण्याची शक्यताही नव्हती. थोरलीला लेबररूम सोडून दुसरीकडे हात कुठे ठेवायचे हे माहीत नव्हतं. घरी पाहुणे आले तरी ती हात मागे बांधून उभी राहायची, कारण तिच्या मते हात एकतर धुतलेले असतात किंवा कामात असतात.

प्रशिक्षण द्यायला मोठ्या कार्यालयातून एक बाई आली होती. तरतरीत, आखूड केसांची, आणि गळ्यात शिट्टी. शिट्टी वाजली की सराव सुरू, पुन्हा वाजली की बंद. दुपारपर्यंत तिचं नाव शिट्टीबाई पडलं होतं. टेबलावरच्या बाहुलीला सगळ्या जणी वहिनी म्हणू लागल्या. वहिनींचं पोट चेन ओढली की उघडत असे, आतून बाळ बाहेर येत असे, मग वार पडत असे, आणि मग टेबलाखालच्या शिपायाच्या लहरीप्रमाणे रक्त. इतक्या बाळंतपणांनंतरही वहिनींच्या चेहऱ्यावरचं हसू ढळत नव्हतं. थोरलीला तेच खटकत होतं.

"हिला काहीतरी माहीत आहे," ती धाकटीच्या कानात म्हणाली.

शिट्टीबाईनं बरंच नवं सांगितलं. बाळ झालं की पुसून सरळ आईच्या छातीवर ठेवायचं, कोपऱ्यातल्या टेबलावर पळवायचं नाही. नाळ कापायची घाई करायची नाही. बाळंतिणीजवळ घरचं एक माणूस बसू द्यायचं. हे सगळं थोरलीनं ऐकून घेतलं. घरच्या माणसाचं तेवढं तिनं मनात "साक्षीदार" असं लिहून ठेवलं.

अडचण पुढे आली.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं," शिट्टीबाई म्हणाली, "खोलीत जे काही कराल ते मोठ्यानं बोलायचं. ‘इंजेक्शन देते’. समोरचीनं तेच परत म्हणायचं, ‘इंजेक्शन देताय, ऐकलं’. दिल्यावर, ‘इंजेक्शन दिलं’. ‘दिलं, ऐकलं’. रक्त जास्त जातंय तर तसं म्हणायचं. घाबरलात तर घाबरले म्हणायचं."

"कुणाला?" थोरलीनं विचारलं.

"सगळ्यांना."

"बाळंतिणीसमोर?"

"बाळंतीण खोलीतच असते ना, ताई."

सगळ्या हसल्या. थोरली हसली नाही. थोरली ज्या म्हाताऱ्या मेट्रनच्या हाताखाली शिकली, तिनं एकच गोष्ट शिकवताना आवाज चढवला होता: बाळंतिणीच्या कानावर वाईट शब्द पडता कामा नये. जीव वर-खाली होत असला, तरी सुईणीचा चेहरा इस्त्री केलेला हवा आणि तोंड बंद हवं. थोरलीनं ते पाळलं होतं. तिच्या खोलीत कळा देणारीचा आवाज असे, बाळाचा असे, आणि थोरलीच्या हातांचा. चौथा आवाज नसे. आणि आता ही शिट्टी सांगते, बोला. जे बोललं जाईल ते कुणीतरी ऐकणार, जे ऐकलं जाईल ते कुणीतरी लिहिणार, आणि ते लिहिलेलं घेऊन कुणीतरी थोरलीला कपड्यांच्या खोलीत सोडून येणार. सरळ हिशोब होता.

"घरी सराव करा," शिट्टीबाई म्हणाली.

थोरलीचा नवरा किल्ल्या बनवायचा. दिवसभर लोक त्याच्याकडे बंद कुलपं आणायचे, त्यामुळे घरी आल्यावर उघडं दार पाहूनच त्याला बरं वाटायचं. तो बोलायचा कमी. ती स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "मीठ टाकलं."

"मग?"

"मग काही नाही. ‘मीठ टाकलं, ऐकलं’ म्हणायचं."

"मीठ टाकलं, ऐकलं." त्यानं थोडा विचार केला. "जेवताना कळलंच असतं की गं."

"गॅस बारीक केला."

"गॅस बारीक केला, ऐकलं. अगं, कुणी शिकवलं हे?"

"तुम्हाला कशाला हवंय?"

"चांगलं वाटतंय म्हणून विचारलं. लग्न झाल्यापासून तू पहिल्यांदा सांगतेयस, काय करतेस ते."

थोरली कालथा हातात घेऊन वळली. नवऱ्याला कुणी फितवलंय का, हे तिनं त्याच्या चेहऱ्यावर शोधलं. तिथे काही सापडलं नाही. तिनं सराव बंद केला. तो मात्र निजेपर्यंत "चष्मा काढला", "उशी घेतली" असं काहीबाही सांगत राहिला, आणि उत्तर आलं नाही तेव्हा स्वतःच "ऐकलं" म्हणून कुशीवर वळला.

परीक्षेच्या दिवशी शिट्टी वाजली. वहिनींनी हसतहसत बाळाला जन्म दिला. शिपायानं फुगा दाबला आणि चादर लाल झाली. मदतीला धाकटी आणि दुसऱ्या दवाखान्यातली एक सुईण उभ्या होत्या.

थोरलीनं पोटावर हात ठेवून गर्भपिशवी चोळली, इंजेक्शन दिलं, लघवीची पिशवी रिकामी केली, पुन्हा चोळली. ओठ शिवल्यासारखे. धाकटी हातात भांडं धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झाली. दुसरी सुईण इंजेक्शन भरू लागली, थांबली, परत भरू लागली. शिपायाला वरचं काही ऐकू येईना, म्हणून तो टेबलाखालून ओरडला, "थांबवू का दाबत राहू?"

शेवटी रक्त थांबलं. शिट्टी वाजली.

"वहिनी वाचल्या," शिट्टीबाई म्हणाली. "ताई, तुम्ही नापास."

"मेल्या असत्या तर पास केलं असतंत?"

"ताई, खोलीत तिघी होतात. काम एकीनं केलं. उद्या तुमचाच हात अडकला तर? या दोघींना काय माहीत होतं, काय दिलंय आणि काय द्यायचं राहिलंय?"

थोरलीनं धाकटीकडे पाहिलं. धाकटीनं भांड्यात पाहिलं. ‘पढवलंय हिला,’ थोरलीच्या मनात आलं. ‘माझी जागा हवीय.’ मग ती जिन्यात गेली. तहान लागल्यामुळे.

नापास होण्यातही एक निवांतपणा असतो. जे व्हायचं ते झालेलं असतं. थोरलीनं कपाटातली आपली कात्री आणि चपला पिशवीत भरल्या. तेवढ्यात मेट्रनबाईंनी तिला बोलावून घेतलं. शिट्टीबाई तिथे आधीच उभी होती, लालबुंद.

"मी स्पष्ट नापास लिहिलंय," ती म्हणत होती.

"तुम्ही लिहिलंत, आम्ही वाचलं नाही," मेट्रनबाई शांतपणे म्हणाल्या. "वरून आलेल्या नमुन्यात ‘उत्तीर्ण’ एवढाच रकाना आहे. नापास कुठे बसवू? आणि सगळ्या उत्तीर्ण झाल्याचं आपण मागच्या आठवड्यातच कळवलंय."

"मागच्या आठवड्यात प्रशिक्षण सुरूसुद्धा झालं नव्हतं!"

"म्हणून तर वेळेत पोचलं."

अशा रीतीनं परीक्षा झाली नाही. थोरलीला "प्रगत" असं कोरलेला बिल्ला मिळाला. तो तिनं उजेडात धरून मागूनपुढून पाहिला, दाताखालीही धरून पाहिला. नापास केलं असतं तर ती समजू शकली असती. पास का केलं, हे काही तिच्या डोक्यात शिरेना.

शिट्टीबाई निघताना दारात थांबली. "ताई, एक सांगू? मी तुमच्यावर डूख धरून नापास नाही केलं."

"मग कशासाठी केलं?"

"तुम्ही परत शिकाल म्हणून."

असलं उत्तर सरळ माणूस देत नाही, असं थोरलीचं मत पडलं.

लेबररूममध्ये परतल्यावर तिनं धाकटीला पहिल्याच दिवशी बजावलं, "माझ्या खोलीत ऐकलंबिकलं चालणार नाही. तोंड मिटून काम."

"पण ताई, आपण शिकलो ना—"

"तू शिकलीस. मी प्रगत आहे." तिनं बिल्ल्यावर बोट ठेवलं.

 धाकटीला तोंड होतं, पण थोरलीपुढे ते उघडायचं म्हणजे बंद लिफ्टचं दार ओढण्यासारखं होतं. बाकीचं नवं तेवढं सुरू झालं. बाळं आईच्या छातीवर जाऊ लागली. घरची माणसं खुर्ची घेऊन बसू लागली. आणि बाळ बाहेर आल्याबरोबर आईच्या मांडीत द्यायचं इंजेक्शन, गर्भपिशवी आकसावी म्हणून द्यायचं, ते आता मदतनीस सुईणीनं द्यायचं असं ठरलं होतं. पूर्वी थोरली ते स्वतःच द्यायची. एका हातानं बाळ, दुसऱ्या हातानं सुई, आणि चेहरा इस्त्रीचा.

एका दुपारी आलेली मुलगी पहिलटकरीण होती. खुर्चीवर तिची सासू बसली होती. सासूला काही विचारलं तरी ती मान हलवायची आणि नाही विचारलं तरी हलवायची. ‘साक्षीदार,’ थोरलीनं पुन्हा मनात नोंद केली. डॉक्टर वरच्या मजल्यावर ऑपरेशनमध्ये होते. काळजीचं काही नव्हतं. मुलगी दम धरून होती, बाळाचं डोकं दिसत होतं.

"मावशी, नीट चाललंय ना?" मुलगी मध्येच विचारायची.

थोरली उत्तरादाखल तिच्या गुडघ्यावर थोपटायची.

बाळ झालं. रडलं. मुलगी होती. थोरलीनं तिला पुसून आईच्या छातीवर ठेवलं. सासूनं मान हलवली.

"ताई, इंजेक्शन—" धाकटी म्हणाली.

थोरलीनं मान वर केली. तिला वाटलं, हिनं इंजेक्शन दिलं आणि आता सासूसमोर माझ्या तोंडून "ऐकलं" वदवून घ्यायला बघतेय. तिनं असे डोळे वटारले की धाकटीचं वाक्य तिथेच तुटलं. आणि धाकटीला वाटलं, ताईंनी जुन्या सवयीनं स्वतःच दिलंय, आणि मी विचारलं म्हणून संतापल्या. ती गपचूप बाळाकडे वळली.

इतका भक्कम गैरसमज दोघींनी मिळून उभा केला, आणि त्याला एक शब्दही लागला नाही.

वार पडली. रक्त थांबायला हवं होतं. ते थांबेना. थोरलीनं पोटावर हात ठेवला. टणक लागायला हवी ती गर्भपिशवी भिजल्या कापडासारखी मऊ लागली. ती चोळू लागली. रक्त येतच राहिलं. इंजेक्शन देऊन असं? तिनं धाकटीकडे पाहिलं. काय दिलं हिनं मेलीनं? की मुद्दाम? तिची नजर बाजूच्या ट्रेकडे गेली. कापडाच्या कडेखाली सिरिंज होती. भरलेली. टोपणसुद्धा काढलेलं नव्हतं.

कुणीच दिलं नव्हतं.

थोरलीचे दोन्ही हात गुंतलेले होते. एक पोटावर, एक खाली. काढता येण्यासारखा एकही नव्हता. तिनं डोळ्यांनी ट्रेकडे खूण केली. धाकटी तिच्याकडे बघतच नव्हती. इतकी वर्षं वटारलेले डोळे पाहिल्यावर कोण बघेल? ती शहाण्यासारखी बाळाला टोपी घालत होती. वहिनींच्या वेळी टेबलाखाली शिपाई तरी होता, ‘थांबवू का’ विचारणारा. इथे टेबलाखाली फक्त फरशी होती, आणि ती लाल होत चालली होती.

थोरलीनं तोंड उघडलं. आधी नुसती हवा आली.

"इंजेक्शन दिलेलं नाही," ती म्हणाली. मग मोठ्यानं: "इंजेक्शन राहिलंय. मी दिलं नाही. तूही दिलं नाहीस. रक्त जास्त जातंय. ट्रेमध्ये आहे, तू दे. आत्ता."

धाकटी ट्रेकडे वळली. मग तिच्यातली शिट्टी वाजली. "इंजेक्शन मी देतेय, ऐकलं. दिलं!"

"दिलं, ऐकलं. सलाईन लाव. डॉक्टरांना निरोप."

"सलाईन लावते, ऐकलं. सासूबाई, दाराबाहेर जा, आयाला ओरडून सांगा, डॉक्टरांना खाली बोलावलंय, रक्त थांबत नाहीये."

सासूनं या खेपेला मान हलवली नाही. ती उठली आणि कॉरिडॉरमध्ये जाऊन असल्या आवाजात ओरडली की दुसऱ्या वॉर्डातलीही माणसं उभी राहिली.

टेबलावरची मुलगी छातीवरच्या बाळाला धरून थोरलीकडे पाहत होती. चेहरा पांढरा पडला होता. "मावशी?"

थोरलीला चेहऱ्याला इस्त्री फिरवायची होती. फिरेना. "पोरी, तुला रक्त जास्त जातंय," ती म्हणाली. "पिशवी आकसली नाही अजून. औषध आत्ता दिलंय. मी चोळतेय, दुखेल. मी घाबरलेय, पण माझे हात नाही घाबरलेले."

मुलीनं ओठ ओले केले. "चोळताय," ती क्षीणपणे म्हणाली. "ऐकलं."

तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. नुसतं ऐकून ऐकून उचललं होतं.

"मऊ आहे अजून," थोरली म्हणाली.

"मऊ, ऐकलं."

"सलाईन सुरू," धाकटी.

"सुरू, ऐकलं."

"जरा टणक होतेय."

"टणक... ऐकलं."

डॉक्टर आले तेव्हा पिशवी थोरलीच्या तळहाताखाली मुठीसारखी आवळली होती आणि रक्त थांबत आलं होतं. त्यांनी तपासलं, आणखी एक औषध द्यायला सांगितलं, "छान" म्हणाले आणि गेले. छान काय ते त्यांनी सांगितलं नाही.

ऊन उतरल्यावर थोरली वॉर्डात गेली. मुलगी उशीला टेकून बाळाला पाजत होती. थोरली हात मागे बांधून पलंगाशी उभी राहिली.

"इंजेक्शन आमच्याकडून राहिलं होतं," ती म्हणाली. "माझ्यामुळे राहिलं."

"ऐकलं ना मी. तुम्ही बोललात तेव्हाच." मुलीनं बाळाचं डोकं सावरलं. "मावशी, एक सांगू? रागवणार नाही ना?"

"का?"

"तुम्ही बोलायला लागलात ना, तेव्हा मला बरं वाटलं. त्याआधी तुम्ही गप्प होतात, तेव्हाच मी फार भ्यायले होते. मला वाटलं, एवढं वाईट आहे की ही बाई बोलतसुद्धा नाहीये."

थोरलीनं यावर संशय घेऊन पाहिला. उलटसुलट करून पाहिला. कुठे धरायला जागाच नव्हती. मुलीला जागा नको होती, बिल्ला नको होता. तिनं फक्त सांगितलं होतं.

थोरली वॉर्डातून बाहेर आली. कॉरिडॉरच्या भिंतीला लागून बाकं होती. तिच्या हाताखालून गेलेल्या सगळ्या बायका, गुडघ्यावर थोपटून गप्प ठेवलेल्या, तिथे ओळीनं बसल्यासारख्या तिला वाटल्या. आपण त्यांच्या कानांना जपत होतो. आणि त्या सगळ्या थोरलीचं तोंड वाचत पडल्या होत्या.

धाकटी हात धूत होती.

"उद्यापासून खोलीत तू बोल," थोरली म्हणाली. "मी ऐकलं म्हणेन."

धाकटीनं नळ बंद केला. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोरलीचा भाव उमटला. "का, ताई?" तिनं संशयानं विचारलं.

घरी गेल्यावर थोरली उंबऱ्यात म्हणाली, "आले."

आतून किल्ली घासणारी कानस थांबल्याचा आवाज आला. "आलीस, ऐकलं," नवरा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मेट्रनबाईंच्या टेबलावर एक अर्ज होता. त्याला टाचणीनं "प्रगत" असा बिल्ला टोचलेला होता. मेट्रनबाईंनी तो वाचला, नापासाचा रकाना कुठेच नसल्याची पुन्हा खात्री करून घेतली, आणि टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात ठेवला. तिथे अजून आहे. त्याचा शेवट असा:

"...सबब, अर्जदार सुईण हिने वहिनी ऊर्फ बाहुली हिच्या प्रसूतीसमयी तोंड न उघडल्याने तिला नियमानुसार नापास करण्यात यावे. तिला पुन्हा प्रशिक्षणास बसवावे. तोवर लेबररूममध्ये धाकटीस थोरली समजण्यात यावे. सदर निर्णय कागदावर न कळवता अर्जदारास समोर उभे करून मोठ्याने सांगण्यात यावा. आणि हा अर्ज पोचल्यावर कार्यालयाने एकदा तरी ‘ऐकलं’ असे म्हणावे, ही नम्र विनंती."